कंपनी, कॉलेज आणि शाळा: तिघांनी मिळून तंत्रज्ञान प्रयोगशाळा चालवायची तर करारात काय हवं?

भोवरा

कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधी, अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आणि जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा अशी मोट बांधून सहावी ते दहावीसाठी प्रयोगशाळा काढायचे प्रस्ताव सध्या बरेच फिरताहेत. फीत कापली जाते आणि दोन वर्षांत खोलीला कुलूप लागतं. या मंचावर या कामातली बरीच मंडळी आहेत. कराराच्या मसुद्यात काय असावं याची माहिती एका जागी राहावी म्हणून हा धागा.

मी वेळापत्रकापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक मसुद्यांत ते नसतंच. शाळेचं वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होतं, विदर्भात जूनअखेर. कॉलेजची सत्रं ढोबळमानाने जुलै ते डिसेंबर आणि जानेवारी ते मे. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरी, दरपत्रकं, खरेदी असं करत सामान शाळेत येतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा दहावीची गडबड, पाठोपाठ उन्हाळी सुट्टी. ज्या शिक्षकाने धडपड करून प्रस्ताव दिला त्याची मे महिन्यात बदली, आणि खोके उघडतात जुलैत. वॉरंटीचे चार-पाच महिने खोक्यातच गेलेले असतात.

कामाचे आठवडे मोजले तर जुलै ते सप्टेंबर साधारण १२, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंत १०. आठवड्याला एक जोडतास (सलग दोन तासिका) म्हणजे २२ भेटी. त्यातून गणपती, सहल, स्नेहसंमेलन, चाचण्या आणि निवडणुकीची कामं वजा केली की १६ उरतात. १६ भेटींचाच अभ्यासक्रम आखावा. ४० सत्रांचा आराखडा सादरीकरणात शोभतो, बाकी काही नाही.

म्हणून क्रम असा हवा: जानेवारीत शाळा ठरवणे, एप्रिलमध्ये सह्या, मे-जूनमध्ये खरेदी, शाळा उघडण्याच्या आठवड्यात शिक्षकांचं प्रशिक्षण, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पहिला तास. मुख्याध्यापकांच्या सहीचं वर्गवेळापत्रक, ज्यात हा जोडतास छापलेला आहे, ते कराराला जोडलेलं असावं. शाळा सुटल्यावरचा तास धरू नये. एसटीने येणारी मुलं थांबू शकत नाहीत, आणि त्यात मुली आधी गळतात.

जमाखर्च

पैशाच्या बाजूचं लिहितो. शाळा-कॉलेजांना हे कोणी नीट सांगत नाही.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चायची. शिक्षण परिशिष्ट ७ मध्ये (सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत) येतंच, त्यामुळे विषयाची अडचण नाही. अडतं ते पुढच्या बाबींवर.

जुने संगणक देऊन त्यांची किंमत सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कर्मचाऱ्यांनी शाळेत घालवलेल्या तासांचीही किंमत लावता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या प्रश्नोत्तरांत दोन्ही स्पष्ट केलंय. संगणक जरूर द्या, तासही द्या, पण प्रस्तावात ‘स्वयंसेवक तास: इतके लाख’ असा आकडा दिसला तर प्रत्यक्षात मिळणारी रक्कम तेवढी कमी आहे हे शाळेने ओळखावं.

पैसे प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेकडून जाणार असतील तर तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून. कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टकडे १२ए, ८०जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर त्यांनाच ही नोंदणी करता येते, मध्ये तिसरी संस्था आणायची गरज नाही. कंपनीने थेट खरेदी करून शाळेला दिलं तरी चालतं. मात्र या निधीतून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ‘यंत्रं कंपनीची, वापर शाळेचा’ असं कलम कोणी घातलं तर खोडा.

आणि मार्चची घाई. प्रकल्प एका वर्षाचा दाखवला की उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत परिशिष्ट ७ मधल्या सरकारी निधीत भरावी लागते. ती भरायला नको म्हणून मार्चमध्ये मिळेल ते विकत घेतात, मग दहा हवे तिथे तीस रोबोट येतात. त्याऐवजी संचालक मंडळाने तो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करावा. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तसा चालवता येतो, आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवता येते. कंपनीच्या माणसाला पहिल्याच बैठकीत विचारा: चालू प्रकल्प की एकाच वर्षाचा?

जाता जाता: ज्यांचं वार्षिक सीएसआर बंधन ५० लाखांच्या आत आहे त्यांना वेगळी समिती लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. तालुक्याच्या एमआयडीसीतल्या अशा मध्यम कंपन्या मोठ्या नावांपेक्षा लवकर निर्णय देतात आणि कारखाना शाळेपासून दहा किलोमीटरवर असतो.

खडूफळा

भोवरा यांच्याशी सहमत. जि. प. शाळेच्या बाजूने एक बारीक पण सगळं अडवणारी गोष्ट सांगतो: जडवस्तू संग्रह नोंदवही (डेड स्टॉक रजिस्टर).

सामान आलं की मुख्याध्यापक खोक्यातला प्रत्येक नग या नोंदवहीत चढवतात, शंभर रुपयांचा सेन्सरसुद्धा. एकदा चढला की तो मोडला, जळला, हरवला तरी निर्लेखनाची (नोंदीतून रीतसर काढून टाकण्याची) प्रक्रिया होईपर्यंत कागदावर जिवंतच राहतो, आणि बदलीच्या वेळी कार्यभार देताना तो दाखवावा लागतो. मग शिक्षक काय करणार? कपाटाला कुलूप. मुलांच्या हाती सामान न देण्याचं पहिलं कारण बहुतेक ठिकाणी हे असतं, शिक्षकांना गोडी नाही हे नव्हे.

उपाय सोपा आहे, पण देणगीपत्रातच करावा लागतो. सामानाच्या दोन याद्या. ‘अ’ मध्ये संगणक, प्रोजेक्टर, ड्रिल, इन्व्हर्टर, टेबलं. ‘ब’ मध्ये एलईडी, रोधक, वायर, सेन्सर, मोटरी, सेल, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची छिद्रांची पट्टी) आणि अर्डुइनोसुद्धा (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), वर स्पष्ट शीर्षक: ‘वापरात संपणारे शैक्षणिक साहित्य’. ‘ब’ ची नोंद वेगळ्या साठा नोंदवहीत, जमा आणि खर्च. कंपनीच्या बिलातही याच दोन याद्या वेगळ्या हव्यात. बिल एकत्र ‘रोबोटिक्स लॅब, १ नग’ असं आलं तर पुढे काहीच करता येत नाही.

बाकी कागद: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक). अनुदानित शाळा असेल तर संस्थेची सही. प्रशिक्षण एका शिक्षकाला नको, दोघांना द्या, आणि शक्यतो दोघंही एकाच वेळी बदलीपात्र नसावेत.

विजेचं बिल कोण भरणार हेही लिहा. बिल थकून जोडणी तोडलेली शाळा आणि आत बारा संगणक, हे नवल नाही.

ओहम_शांती

सामानाचं माझ्याकडे.

४० मुलांच्या वर्गाला चौघांत एक संच म्हणजे १०. मागवायचे १२, दोन सुट्या भागांसाठी. गटात पाच झाले की दोघं नुसती बघत बसतात. एका संचात: अर्डुइनो उनो (प्रतिकृती चालते), ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, एलईडी २०, २२० ओहमचे रोधक २०, १० किलो-ओहमचे १०, पुशबटन ५, एलडीआर (प्रकाशसंवेदक) २, एचसी-एसआर०४ अंतरमापक १, एसजी९० सर्वो (हव्या त्या कोनात फिरणारी छोटी मोटर) १, जंपर वायरी ६०, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर १. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं. तयार ‘स्टेम किट’च्या डब्याला पैसे घालवू नका, त्यातला एक भाग जळला की तो सुटा मिळत नाही.

आता काय बिघडतं ते.

पहिल्या तासाला निम्मे बोर्ड संगणकाला दिसतच नाहीत. कारणं दोन. प्रतिकृती बोर्डांवर सीएच३४० चिप असते आणि संगणकात तिचा ड्रायव्हर नसतो. वर शाळेच्या संगणकाचा प्रशासक पासवर्ड ठेकेदाराकडे. दुसरं, यूएसबी केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. जूनमध्ये प्रत्येक केबल आणि प्रत्येक संगणक तपासून वर रंगाचा ठिपका लावून ठेवा.

सर्वो फिरायला लागला की बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. मुलं तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधतात. चूक तिथे नसते: एसजी९० अडकला की पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतो, यूएसबी देते ५०० मिलिअँपिअर, व्होल्टेज कोसळतं. सर्वोला अडॅप्टरवरून वेगळा पुरवठा द्या, दोन्हींचा ग्राउंड (ऋण टोक) जोडा (हा जोडायचा हमखास राहतो, मग सर्वो नुसता थरथरतो) आणि पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

एलईडी रोधकाशिवाय लावला तर पिन मरू शकते. पिनला २० मिलिअँपिअरपर्यंत ठेवायचं, ४० ही शेवटची मर्यादा. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, उरलेले ३ भागिले २२० म्हणजे १४ मिलिअँपिअर. हे गणित फळ्यावर करून घ्या, ओहमचा नियम पाठ करण्यापेक्षा पक्का बसतो. डीसी मोटर थेट पिनला कधीच नाही.

चालत्या गाडीसाठी एल२९८एन ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) सगळे वापरतात. तो स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरला ४ मिळतात आणि गाडी सतरंजीवर जागची हलत नाही. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर मोटरला लावूच नका, काही मिनिटांत बसते. सहा रिचार्जेबल निकेल सेल, ७.२ व्होल्ट, हे शाळेसाठी बरं. संरक्षण सर्किट नसलेले १८६५० लिथियम सेल शाळेत नकोत, शॉर्ट झाले तर पेट घेतात.

खोलीची वीज आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सॉकेटमध्ये तिसरं छिद्र आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत, आणि त्या खोलीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). एवढं झाल्याशिवाय सोल्डरिंग सुरू करू नये.

थ्रीडी प्रिंटर पहिल्या वर्षी घेऊ नका. ४० मुलांनी दीड-दीड तासाची एकेक वस्तू छापायची म्हटलं तर ६० तास. तुमच्याकडे १६ जोडतास आहेत.

पाबळवाट

ओहम_शांती यांची यादी उत्तम, पण सगळा रोख इलेक्ट्रॉनिक्सवरच का? महाराष्ट्रात या कामाचा जुना नमुना घरचाच आहे. पाबळचा विज्ञान आश्रम, डॉ. श्रीनाथ कलबाग, १९८३. तिथून माध्यमिक शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ विषयाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. शिकवायला बाहेरून तज्ज्ञ नव्हे, गावातलेच कारागीर मानधनावर. मुलांनी गावाला उपयोगी सेवा द्यायची आणि तिचे पैसे घ्यायचे: माती परीक्षण, वेल्डिंगचं किरकोळ काम, वायरिंग. याच पाबळला २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅबलॅब (डिजिटल यंत्रांची कार्यशाळा) सुरू झाली, म्हणजे आधुनिक यंत्रांना विरोध मुळीच नव्हता. आधी करवत आणि वेल्डिंग, मग लेझर कटर.

करारात याचा उपयोग असा: स्थानिक वेल्डर, वायरमन, रोपवाटिकावाला यांच्या मानधनाची ओळ अंदाजपत्रकात हवी. कंपन्या यंत्रांना पैसे देतात आणि मानधनाला नाक मुरडतात. खोली उघडी राहते ती माणसामुळे.

ओहम_शांती

मुद्दा मान्य. फक्त एक: वेल्डिंग सातवीच्या मुलांच्या हाती देता येत नाही, ब्रेडबोर्ड देता येतो. सहावी-सातवीला सेल आणि ब्रेडबोर्ड, आठवीपासून तुमचं. आणि पाठ्यपुस्तकाशी सांधा असला की शिक्षक स्वतःहून वापरतात. एचसी-एसआर०४ घ्या. प्रतिध्वनीचा वेळ मायक्रोसेकंदांत, भागिले ५८, उत्तर सेंटिमीटरमध्ये. हे ५८ कुठून आलं? ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, जाऊन-येऊन. पण तो वेग २० अंशांचा. ३५ अंशाला तो सुमारे ३५२ होतो, म्हणून २ मीटरवरची भिंत यंत्र १९६ सेंटिमीटरच्या आसपास दाखवतं. जुलैत एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा मोजायला लावा. नववीचा ध्वनीचा पाठ तिथेच झाला.

त्रिज्या

कॉलेजची बाजू. विद्यार्थी ‘स्वयंसेवक’ म्हणून बोलावले की सत्र परीक्षेच्या महिनाभर आधी गायब होतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचे तास कुठेतरी मोजले गेले पाहिजेत. राष्ट्रीय सेवा योजनेत (एनएसएस) वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम लागतंच. प्राचार्यांनी शाळेच्या भेटी त्यात धराव्यात. उन्नत भारत अभियानात कॉलेजने गावं दत्तक घेतलेली असतील तर शाळा त्याच गावांतल्या निवडा, अहवाल एकच होतो. समन्वयक प्राध्यापकाच्या कार्यभारात आठवड्याला दोन तास लेखी दाखवा, नाहीतर प्राध्यापक बदलला की सगळं संपलं.

एका भेटीला चार विद्यार्थी, अडीच संचांमागे एक. त्यातले दोन दुसऱ्या वर्षाचे असावेत, म्हणजे पुढच्या जुलैत नव्यांना शिकवायला कोणीतरी जुनं राहतं. शेवटच्या वर्षाचे कोणी नकोत, प्लेसमेंट सुरू झालं की येत नाहीत. जाण्यायेण्याचं भाडं कंपनीने द्यावं; रक्कम किरकोळ असते, पण ती कोणाच्याच यादीत नसते.

त्यांना एक नियम: मुलांच्या ब्रेडबोर्डला हात लावायचा नाही. कॉलेजची मुलं वायर स्वतः खोचून देतात, एलईडी लागतो, टाळ्या होतात, मुलाला काही कळलेलं नसतं. हात मागे बांधून प्रश्न विचारायचे. शिवाय वर्गशिक्षक खोलीत हजर असल्याशिवाय तास नाही, कोणा पाहुण्याने एकट्या मुला-मुलीसोबत थांबायचं नाही, फोटो पालकांच्या लेखी संमतीने. ही कलमं मसुद्यात घातलीत तर शाळेला मागावी लागत नाहीत.

एमआयडीसीकर

कंपनीने पैशांव्यतिरिक्त काय द्यावं यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून.

सगळ्यात स्वस्त आणि कामाची गोष्ट म्हणजे रिजेक्ट माल. लेथवर वळलेले १२ मिलिमीटर व्यासाचे, ±०.०५ मिलिमीटरच्या सहनमर्यादेतून बाहेर गेलेले ५० तुकडे आणि तेवढेच पास झालेले, एका पोत्यात मिसळून शाळेत द्या. आधी कडा आणि बर (कापताना राहिलेली धातूची धारदार कूस) फाइलने काढा, बोटं कापतात. कुलंट (यंत्रात थंडाव्यासाठी वापरलेला द्रव) धुऊन टाका. सोबत ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाचे पाच व्हर्नियर. मुलं प्रत्येक तुकडा तीन जागी मोजतात, बारंबारता सारणी करतात, स्तंभालेख काढतात. मग तोच आलेख घेऊन गुणवत्ता विभागाचा माणूस अर्धा तास येतो आणि विचारतो, आलेखाची टेकडी उजवीकडे का सरकली? लेथचं कापायचं टूल झिजलं की व्यास वाढत जातो. सांख्यिकीचा धडा आणि कारखाना एका पिशवीत. व्हर्नियरची शून्य त्रुटी आधी पाहायला लावा, निम्म्या गटांचे आकडे तिथेच घसरतात.

कारखाना भेट असेल तर २० मुलांच्या वरची तुकडी नको. शॉप फ्लोअरवर आवाजाने काही ऐकू येत नाही, त्यामुळे जे सांगायचं ते आधी ट्रेनिंग रूममध्ये, मग फेरी, मग पुन्हा प्रश्न. ओढणी आणि चपला चालत नाहीत. बूट नसतात, ते कंपनीने ठेवावेत. आणि एचआरऐवजी मेंटेनन्सचा तंत्रज्ञ बोलू द्या. मुलांना नोकरीच्या संधींपेक्षा मशीन बंद पडल्यावर तो आधी काय बघतो हे ऐकायचं असतं.

जमाखर्च

अंदाजपत्रकाचं राहिलं होतं. अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतही २० लाखांपैकी १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालू खर्चाला, अशी विभागणी होती. सरकारी योजनेला जे सुचलं ते कंपन्यांना सुचायला हरकत नाही. छोट्या प्रकल्पात मी तर ४० टक्के उभारणी आणि ६० टक्के तीन वर्षांचा चालू खर्च असंच सुचवीन: मानधन, भाडं, ‘ब’ यादीची दर जूनला भरती, दुरुस्ती, वीज.

अहवालात ‘लाभार्थी विद्यार्थी ८००’ लिहू नका. खडूफळा यांच्या साठा नोंदवहीचा शेवटचा रकाना बघा. वर्षात किती एलईडी, किती वायर, किती सेल संपले? काहीच संपलं नसेल तर खोली उघडलेली नाही. संचालक मंडळाला हा आकडा लगेच समजतो, कारण कारखान्यातही ते कन्झ्युमेबलवरूनच उत्पादन ओळखतात.

भोवरा

सगळ्यांचे आभार. मसुद्यात घेतो: वेळापत्रक जोडपत्र, अ-ब याद्या, चालू प्रकल्प मंजुरी, मानधन, एनएसएस तास, वर्गशिक्षकाची हजेरी. एक शंका. दुरुस्ती कोण करणार? कॉलेज की पुरवठादार?

त्रिज्या

कॉलेज. महिन्यातून एक भेट फक्त दुरुस्तीची, शिकवणं नाही. इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या लॅब असिस्टंटला सोबत घ्या. बिघडलेलं सामान टाकायला खोलीत एक लाल डबा ठेवा, वर चिठ्ठी: काय करताना बंद पडलं. चिठ्ठीशिवाय डब्यात काही टाकायचं नाही.

खडूफळा

चाव्या दोन हव्यात, एक मुख्याध्यापकांकडे आणि एक प्रशिक्षित शिक्षकाकडे. मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला गेले की तास बुडतो, हे फार होतं.

बाकी ओहम_शांती, मल्टिमीटरबद्दल लिहायचं राहिलं का? विज्ञान कक्षात ‘बंद’ म्हणून ठेवलेले मीटर बऱ्याच शाळांत असतात.

ओहम_शांती

हो, राहिलं. बहुतेक बंद नसतात, फ्यूज गेलेला असतो. मिलिअँपिअरच्या रेंजवर थेट सेलला लावला की आतला २०० किंवा २५० मिलिअँपिअरचा फ्यूज उडतो. व्होल्टेज दाखवतो पण करंट दाखवत नाही अशी तक्रार असेल तर तोच. मागचे स्क्रू काढा, काचेची नळी दिसेल, त्याच मापाची बसवा. तार गुंडाळून काम भागवू नका. ‘ब’ यादीत दर मीटरमागे पाच फ्यूज लिहा. लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत राहिला आणि कोणी व्होल्टेज मोजायला गेलं तर मात्र थेट शॉर्ट होतो, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या खाचेला फ्यूजच नसतो. ती खाच पहिल्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करा.

भोवरा

घेतलं. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो, सूचना तिथेच द्या.